चेअर लीडर

आमच्या पॅकिंग खात्यात खुर्ची एकच होती, सुपरवायझरची. बाकी आम्ही तीस-बत्तीस बाया सकाळी सातला उभ्या राहायचो ते तीनपर्यंत. मशीनवरून धाग्याचे बॉबिन येणार, ते पिशवीत घाला, खोक्यात रचा, पट्टी मारा, की पुढचं खोकं तयार. पायात गोळे येतात. जेवायला अर्धा तास मिळतो तेव्हा जमिनीवर बसायचं आणि उठताना एकमेकीचा हात धरायचा. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक मला खुळी म्हणतात. म्हणा बापडे. आठ वर्षं उभे राहा आणि मग म्हणा.

आणि आमच्याकडं लीडरही पुष्कळ. लाइनला लाइन लीडर, शिफ्टला शिफ्ट लीडर. एका शनिवारी सुपरवायझर कागद-पेन घेऊन आला आणि म्हणाला, मालकांनी इथल्या लीगमधली क्रिकेटची टीम विकत घेतली आहे, त्यासाठी खात्यातून पाच मुली पाहिजेत, चिअर लीडर. मी ऐकलं ‘चेअर लीडर’. मशीनचा घरघराट, कानात कापसाचे बोळे, त्यात त्याचं गुजराती वळणाचं हिंदी. पण खरं सांगू का, कानात बोळे नसते तरी मी तेच ऐकलं असतं. मला वाटलं, मॅचला मोठे लोक येणार, त्यांच्या खुर्च्यांची व्यवस्था बघायची, आपणही एका खुर्चीत बसायचं, हातात यादी धरायची. पुढंमागं कायमचं बसून काम मिळेल. चेअरची लीडर! यात न कळण्यासारखं काय होतं?

माझी पोरगी माझ्याच खात्यात होती. बारावी झाली आणि लागली, आठ महिने झाले होते. त्या दिवशी पाय सुजले म्हणून घरी होती, मी सकाळी निघताना तिच्यापुढं मिठाच्या पाण्याची बादली ठेवून आले होते. एकोणीस वर्षांची पोर आणि पाय म्हातारीचे. मी हात वर केला.

“भाई, माझ्या पोरीचं नाव लिहा.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “पक्का? बाद में ना नहीं बोलना.”

“ना कशाला म्हणू? चांगल्या कामाला कोणी ना म्हणतं का?”

आजूबाजूच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, जळतात मेल्या.

नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्याला गेटबाहेर येऊनच फोन लावला. म्हटलं, पोरगी लीडर झाली, बसून काम आहे. त्यानं त्या आनंदात कुठल्याशा ढाब्यावर चार जणांना चहा पाजला. मग कंपनीजवळ, नरोलीतल्या आमच्या खोलीवर आले. पोरगी अजून पाय बादलीत घालून बसली होती. तिला सांगितलं, तर ती हसायला लागली, इतकी हसली की बादलीतलं पाणी सांडलं.

“आई, चेअर नाही गं! चिअर! चिअर लीडर!”

“मग? खुर्चीवर बसायचं ना?”

“खुर्चीवर लोक बसणार. मी नाचणार.”

आणि तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. टीव्हीवरच्या मोठ्या मॅचमध्ये चौकार गेला की गोऱ्या गोऱ्या पोरी झुपके हलवून नाचतात, त्या. माय वं! या पोरी मी आधी पाहिल्या नव्हत्या असं नाही. शेजारणीकडं मॅच लागली की दिसायच्या. पण त्या मला खऱ्या माणसांसारख्या कधी वाटल्याच नाहीत, जाहिरातीतल्यासारख्या वाटायच्या. त्या जागी आपली पोर उभी राहील असं कोणाच्या मनात येतं?

मी लगेच म्हटलं, सोमवारी जाऊन नाव काढून आणते. ती म्हणाली, काढू नकोस. मी म्हटलं, का? तर म्हणते, “मला करायचंय.”

तिला नाचाचं वेड लहानपणापासून. नवरात्रात गरबा संपेस्तोवर हिचा पाय थांबत नसे. गावाकडं कोणाची हळद असली की वाजंत्री हिच्याकडं बघून वाजवायचे. ती म्हणाली, टीशर्ट आणि फुल पँट आहे, दुपारी खात्यातल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हाच मी सगळं विचारून घेतलंय. म्हणजे माझ्याआधी हिला बातमी होती! चार रविवार, चार मॅचेस. त्या दिवशी खोकी भरायची नाहीत, आणि कंपनीची बस गेटवरून नेणार, गेटवर आणून सोडणार. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी नाव काढायचा विषय सोडला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खात्यात हाच विषय. एक म्हणाली, टीमला पोरी पाहिजेतच, नाहीतर ऊन खात मॅच बघायला येतं कोण? दुसरी म्हणाली, इतकी हौस आहे तर मालकानं स्वतःच्या लेकीला नाचवावं. तिसरी म्हणाली, खेळणाऱ्यांना पालघरहून, वलसाडहून विकत आणलं, ते चालतं, आणि आपली पोरगी चार उड्या मारणार तर एवढं काय? मी भाकरी मोडत ऐकत होते. सगळ्यांचं थोडं थोडं पटत होतं, आणि भीती मात्र माझी मलाच.

पहिल्या रविवारी मी पाठोपाठ गेले. टोकरखाड्याच्या पुढच्या मैदानावर मंडप घातला होता. दोरीच्या आत, लोकांच्या अगदी समोर, मुलींसाठी मंच. मंच कसला, आमच्याच खात्यातले लाकडी पॅलेट, ज्यांच्यावर आम्ही भरलेली खोकी रचतो. ते एकावर एक टाकून वर लाल जाजम. मी पॅलेट ओळखले. खिळे वर आलेले असतात त्यांचे, आणि पोर अनवाणी तर नाही ना, हे मी पहिलं बघितलं. पांढरे बूट होते. हातात झुपके होते, आणि झुपके कशाचे म्हणाल? पॅकिंगच्या पट्टीचे. कापून कापून केलेले.

तिथं पहिला चौकार गेला, आणि पाचही जणी नाचल्या. लाज वाटली का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही वाटली. वंगाळ असं काही नव्हतंच त्यात, आमच्या हळदीत याच्यापेक्षा जास्त असतं. वाटली ती भीती. कारण मी मैदानाकडं पाहिलंच नाही, मी लोकांकडं पाहिलं. अर्धे चेंडूकडं बघत होते आणि अर्धे मंचाकडं. आणि ते चेहरे माझ्या ओळखीचे होते! नरोलीतले होते. दुधाच्या डेअरीवरचा, मोबाईल दुरुस्त करणारा, आमच्या चाळीतले, पलीकडच्या चाळीतले. सगळे मोबाईल वर धरून. उद्या सकाळी सातला याच लोकांतून हिला कामावर जायचं होतं.

टीव्हीतल्या त्या गोऱ्या पोरींचं तेव्हा मला कळलं. त्या मॅच संपली की गाडीत बसतात, गाडीतून विमानात. त्यांचं गाव कुणाला ठाऊक नसतं. माझी पोरगी पायी घरी येते.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. शेवटच्या षटकात आमच्या कंपनीच्या पोरानं षटकार मारला, मॅच जिंकली, आणि पोरगी अशी नाचली, अशी नाचली, की मी भीतीबीती विसरून टाळ्या वाजवायला लागले. सुजल्या पायांची पोर ती हीच का? उन्हात तिचं तोंड नुसतं चमकत होतं. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईला मी म्हणणारच होते, ती डावीकडून दुसरी आमची.

तेवढ्यात माझ्या पाठीमागं एक जण दुसऱ्याला म्हणाला, “वो लेफ्ट से दूसरी कौन है?”

दुसरा म्हणाला, “फर्स्ट शिफ्ट. तीन बजे छूटती है. डेअरी की गली से जाती है. माँ साथ में रहती है, बाप गाड़ी पे है.”

इतकंच. शिवी नाही, घाण बोलणं नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं त्यानं सांगितलं. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. ‘माँ साथ में रहती है’, आणि ती माँ त्याच्या पुढंच हातभर अंतरावर उभी, टाळ्या वाजवून थांबलेली. बाप गाडीवर आहे हे त्याला माहीत होतं. मग अजून काय काय माहीत असेल? आमच्या दाराची कडी आतून नीट बसत नाही, हे?

दुसऱ्या दिवशी तीनला सुटलो. दोघी बरोबरच होतो. डेअरीच्या गल्लीत शिरलो आणि कुठूनतरी आवाज आला, “चौका!”

पोरगी हसली. मी हसले नाही. चार पावलं गेलो, पानाच्या टपरीवरून पुन्हा, “चौका!” मी वळून पाहिलं तर चार जण, चौघंही दुसरीकडं बघतायत. मंगळवारी तेच. बुधवारी एका घराच्या गच्चीवरून. दुसरा रविवार झाला, मग तर सुमारच राहिला नाही. रिक्षावाला म्हणणार चौका, सायकलवरून जाणारा म्हणणार चौका. कोणी अंगाला हात लावला नाही, कोणी वाट अडवली नाही. एकच शब्द, आणि तोही क्रिकेटचा. तक्रार करायची तर काय करायची? मी सुपरवायझरला सांगून पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता, पण हसला. म्हणाला, “बेन, चौका बोलना गुनाह है क्या?”

आता काय डोंबल सांगणार याला? गुन्हा नाहीच बाबा. पण तू एकदा तीन वाजता पोरीबरोबर त्या गल्लीतून चालून बघ. शब्द मागून येतो, आणि त्याच्या मागून पावलं येतायत की नाही, हे ऐकत ऐकत चालायचं असतं. मी पिशवीत घरचं लाटणं ठेवायला लागले. स्वयंपाकाच्या वेळी ते पिशवीतून काढायचं आणि पोळ्या झाल्या की धुऊन परत पिशवीत.

तिसऱ्या रविवारनंतरची गोष्ट. चार वाजले असतील, लख्ख ऊन. दार लावून मी भाजी निवडत होते, पोरगी आत केस धूत होती. दारावर दोनदा टकटक झाली. मला वाटलं शेजारीण. मी उठणार, इतक्यात फटीतून आवाज आला, अगदी हळू, कानात सांगावं तसा.

“चौका.”

मी जागच्या जागी थिजले. लाटणं पिशवीत, पिशवी खुंटीला, खुंटी दाराजवळ. मध्ये तीन पावलं, आणि मला एक टाकता येईना. कडी नुसती अडकवलेली. दार थोडं आत आलं. मग थांबलं. मग चपलांचा आवाज दूर दूर गेला. किती वेळ गेला देव जाणे. पोरगी ओल्या केसांनी बाहेर आली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मांडीवरची मेथी सगळी खाली सांडली होती. तिनं ऐकलं होतं. पहिल्यांदाच मी तिला घाबरलेलं पाहिलं. आम्ही दोघींनी मिळून दाराला धान्याची कोठी लावली आणि भर दुपारी दिवा लावून बसलो.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, ढाब्यावर एका ड्रायव्हरनं मोबाईल पुढं केला, बघ म्हणे काय नाचते. त्यानं पाहिलं आणि मोबाईल परत दिला. माझी पोरगी आहे हे त्याला सांगता आलं नाही. ज्यांना चहा पाजला होता त्यांच्यातलाच तो ड्रायव्हर. मला वाटलं आता शिव्या देईल. तो रडत होता. म्हणाला, “मी पाचशे कोसांवर आहे, मी काय करू?”

चौथ्या रविवारी फायनल होती. शनिवारी संध्याकाळी मी म्हटलं, उद्या जायचं नाही.

ती म्हणाली, “जाणार.”

“अगं, दारापर्यंत आले ते! अक्कल गहाण ठेवलीस का?”

“आई, मैदानात मला भीती वाटत नाही. तिथं दोरी असते. दोरीच्या आत कोणी येत नाही. भीती रस्त्यावर वाटते. मग तू मैदान का बंद करतेस? रस्ता बंद कर ना त्यांचा.”

टीमला नाचणाऱ्या पोरी असाव्यात की नसाव्यात, यावर मोठे लोक पेपरात लिहितात म्हणे, टीव्हीवर भांडतात. त्यांनी भांडावं. मला कोणी विचारलं तर मी एवढंच विचारीन, मॅच संपल्यावर ती घरी कशी जाणार? कोणाच्या गल्लीतून? टीम विकत घेतलीत, मंडप घातलात, चेंडू हरवला तर दुसरा ठेवलात. पोरीच्या वाटेवर दोरी कोणी बांधायची? पण हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा मला भीतीशिवाय काही सुचत नव्हतं.

ती झोपल्यावर मी सुपरवायझरला फोन केला. तिला न विचारता नाव घातलं होतं, तिला न विचारता काढलं. तो चिडला, मी म्हणालो होतो ना, नंतर ना म्हणायचं नाही. मी हातापाया पडले. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, दुसरी घेतो.

आणि मी पोरीला सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. सकाळी ती उठली, पांढरे बूट पुसले, केस वर बांधले, गुणगुणत गुणगुणत झुपके पिशवीत भरले. मी पोहे केले. ती खाऊन गेली. मी दारात उभी राहून बघत राहिले, आणि गेटपर्यंत ती गेली असेल, बसमध्ये चढली असेल, यादी वाचली जात असेल, असं घड्याळाकडं बघून मनात मोजत बसले.

अर्ध्या तासात ती परत आली. टीशर्टावर कंपनीचं नाव, हातात बूट, पायांत रबरी चप्पल. तिच्या जागी घेतलेल्या मुलीनं बूट मागितले, पण आपण दिले नाहीत, असं तिनं सांगितलं. चिडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “तू काढलंस ना?” मी म्हटलं, “तुझ्या भल्यासाठी.” लांबून लाउडस्पीकरचा आवाज येतोय असं मला दिवसभर वाटत होतं. नरोलीपर्यंत तो येत नाही, हे मला माहीत आहे.

सोमवारी तीन वाजता आम्ही डेअरीच्या गल्लीत शिरलो. “चौका!” नाचली नव्हती तरी चौका. नाव काढल्याची यादी त्या टपरीवर थोडीच लागली होती! मी तिला म्हटलं, मान खाली घालून चाल, हात अंगाशी धर. ती तशी चालली. त्या महिन्याच्या शेवटी आम्ही नरोली सोडली, डोकमर्डीला खोली घेतली. दुसरी कंपनी मिळाली, दोन कड्यांचं दार मिळालं. नवरा येऊन तिसरी कडी बसवून गेला. इथं आम्हाला कोणी ओळखत नाही. तरी समोरच्या मैदानात बारकी पोरं क्रिकेट खेळतात, त्यातलं एखादं आनंदानं ओरडतं, आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडतं. सहा-सात वर्षांची पोरं ती.

या वर्षी माझ्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. गावाकडं गेलो. हळदीच्या दिवशी डीजे लागला, सगळ्या वयाच्या बाया-पोरी अंगणात उतरल्या. तिथं ओळखीचं नाही असं एकही माणूस नव्हतं, सगळे आपलेच. पोरगी मंडपाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, अंगाशी धरलेले. मामेबहिणी ओढून ओढून थकल्या. वाजवणारी पोरं हिच्याकडं बघून आवाज वाढवत होती, जुनी ओळख म्हणून. मला राहवेना. मी जाऊन तिचा हात धरला.

“ऊठ गं. नाच ना जरा. इथं कोण आहे परकं?”

ती माझ्याकडं बघून हसली. राग नव्हता तिच्या तोंडावर, तेच मला लागलं.

“नको आई. बसून काम पाहिजे होतं ना तुला माझ्यासाठी,” ती म्हणाली. “बसलेय की.”

मी हात ओढत राहिले. ती खुर्चीतून उठली नाही.